प्लीहा-अतिक्रियता (यकृत विकारजन्य) : उपचारांचा इतिहास

यकृताच्या चिरकारी (दीर्घकालीन) विकारांत प्लीहेचे (पाणथरीचे) आकारमान वाढते आणि रक्तातील बिंबाणू, पांढऱ्या कोशिका (पेशी) व तांबड्या कोशिका यांपैकी एका किंवा अधिक घटकांची संख्या घटते. या अवस्थेस ‘प्लीहा-अतिक्रियता’ असे म्हणतात. यकृत सूत्रण रोगात (यकृतातील निरोगी ऊतक नाहीसे होऊन त्या जागी तंतुमय ऊतक व गाठी तयार होण्याच्या विकारात) ही अवस्था वारंवार आढळते. हिच्या उपचारांचा इतिहास हा मुख्यतः एका प्रश्नाचा इतिहास आहे. तो प्रश्न असा की, प्लीहा ही मूळ दोषी आहे की यकृतातील बिघाडाचा परिणाम भोगणारे इंद्रिय आहे? या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतसे उपचारही बदलत गेले. उत्तर चुकले त्या काळात अनेक रुग्णांना त्या चुकीचे मोल द्यावे लागले.

शारीरिक पार्श्वभूमी : प्लीहा उदरगुहेच्या डाव्या वरच्या भागात नवव्या ते अकराव्या बरगड्यांच्या आड असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सु. १५० ग्रॅ. असते व निरोगी अवस्थेत ती सामान्यतः हाताला लागत नाही. जीर्ण झालेल्या रक्तकोशिका गाळून नष्ट करणे, सूक्ष्मजंतू रक्तातून वेचून काढणे आणि प्रतिपिंडे निर्माण करणे ही तिची प्रमुख कार्ये होत. प्लीहेतील रक्त प्लीहा नीलेतून प्रवेशिका नीलेत (आतडी, जठर व प्लीहा यांचे रक्त यकृतात नेणाऱ्या नीलेत) जाते. या नीलासमूहात झडपा कार्यक्षम नसतात. त्यामुळे यकृतात अडथळा उत्पन्न झाला की, दाब मागे परतून थेट प्लीहेपर्यंत पोहोचतो. प्लीहा रक्ताने तुंबते, तिच्यातील ऊतकाचीही वाढ होते आणि तिचे वजन मूळच्या अनेक पटींनी वाढू शकते. त्याच दाबामुळे ग्रसिका (अन्ननलिका) व जठर यांच्या भित्तीतील नीला फुगतात. त्या फुटल्यास होणारी रक्ताची उलटी जीवघेणी ठरू शकते [⟶ यकृत].

प्राचीन कल्पना : उदराच्या डाव्या बाजूस वाढणारी कठीण गाठ प्राचीन वैद्यांना परिचित होती. आयुर्वेदात वर्णिलेल्या आठ उदररोगांत ‘प्लीहोदर’ हा एक प्रकार असून, उजव्या बाजूच्या यकृतवृद्धीचा विचार त्याच्याच जोडीने केलेला आहे. सुश्रुतसंहितेत प्लीहोदरावर डाव्या कोपराच्या आतील शिरेचा आणि यकृताच्या वृद्धीवर उजव्या बाहूतील शिरेचा वेध सांगितला आहे. यकृत व प्लीहा यांचे विकार एकत्र विचारात घेण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे. यूरोपात मात्र गेलेन यांच्या मतानुसार प्लीहा काळे पित्त शोषून घेणारे इंद्रिय मानली जाई व ही कल्पना अनेक शतके टिकून राहिली. हिवताप व काळा आजार यांच्या प्रदेशांत पाणथरी वाढणे ही नित्याची बाब असल्याने, यकृत विकारातील प्लीहावाढ वेगळी ओळखणे दीर्घकाळ कठीण होते.

प्लीहोच्छेदनाचा आरंभ : प्लीहा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस प्लीहोच्छेदन म्हणतात. जर्मनीतील रॉस्टॉक येथे क्विटेनबाउम यांनी १८२६ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. परंतु रुग्ण स्त्री वाचली नाही. पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८६७ मध्ये द्रवार्बुद झालेली प्लीहा काढली व ती रुग्ण बरी झाली. जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धती रुळल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया शक्य कोटीतील ठरली. ती कोणत्या रोगात करावी, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

बांती यांचा सिद्धांत : फ्लॉरेन्स येथील विकृतिवैज्ञानिक ग्वीदो बांती (१८५२–१९२५) यांनी १८८२ पासून प्लीहाजन्य रक्तक्षयाचा अभ्यास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८९४ मध्ये त्यांनी प्लीहावाढ व यकृत सूत्रण यांचा एक स्वतंत्र रोग वर्णिला. त्यांच्या मते या रोगाच्या तीन अवस्था असतात : पहिलीत प्लीहावाढ व रक्तक्षय, दुसरीत संक्रमणकाल आणि तिसरीत यकृत सूत्रण व जलोदर. प्लीहेत निर्माण होणारे एखादे विष प्रवेशिका नीलेवाटे यकृतात जाऊन त्यास इजा करते, असे त्यांचे अनुमान होते. म्हणून तिसरी अवस्था येण्यापूर्वी प्लीहा काढल्यास यकृत वाचेल, असा निष्कर्ष त्यातून निघाला. या रोगास ‘बांती रोग’ हे नाव पडले. इंग्रजी भाषिक देशांत विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १९०० च्या सुमारास प्लीहाजन्य रक्तक्षयावर लेखन करून या विषयाकडे लक्ष वेधले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विचारास आणखी आधार मिळाल्यासारखे वाटले. आनातोल शोफार (१८५५–१९३२) या फ्रेंच वैद्यांनी १९०७ मध्ये प्लीहेच्या अतिरिक्त क्रियेची संकल्पना मांडली. १९१६ मध्ये प्राग येथे पाउल काझ्नेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या सूचनेवरून, बिंबाणू अत्यंत कमी होऊन रक्तस्राव होत असलेल्या एका रुग्ण स्त्रीची प्लीहा काढण्यात आली व तिचे बिंबाणू झपाट्याने वाढले. हा विकार यकृताशी संबंधित नव्हता. तरीही प्लीहा रक्तकोशिकांचा नाश करते व ती काढली की रक्त सुधारते, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. हान्स एपिंगर (१८७९–१९४६) यांनी १९२० मध्ये यकृत व प्लीहा यांच्या संयुक्त विकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या सर्वांचा परिणाम म्हणून यकृत सूत्रण रोगातही प्लीहोच्छेदन होऊ लागले.

कारण व परिणाम यांची अदलाबदल : बांती यांच्या सिद्धांतास हादरा बसला तो दाबाच्या मापनामुळे. प्रवेशिका नीलेतील अतिरिक्त रक्तदाबाची कल्पना झिल्बेर व व्हिलारे यांनी फ्रान्समध्ये १९०६ मध्येच मांडली होती. १९२८ मध्ये मॅकिंडो यांनी सूत्रण झालेल्या यकृतातील रक्तवाहिन्यांच्या विकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क येथील प्रेसबिटेरियन रुग्णालयात ॲलन व्हिपल (१८८१–१९६३) यांच्या पुढाकाराने प्लीहा विकारांसाठी वैद्य, शल्यविशारद व विकृतिवैज्ञानिक यांचा एकत्रित विभाग चालत असे. तेथे टॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी प्लीहा नीलेतील दाब प्रत्यक्ष मोजला व तो वाढलेला असल्याचे १९३७ मध्ये दाखवून दिले. बांती रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक रुग्णांत यकृतात, प्रवेशिका नीलेत किंवा प्लीहा नीलेत अडथळा आढळला. म्हणजे प्लीहा यकृतास बिघडवीत नव्हती, तर अडथळ्यामुळे प्लीहाच बिघडत होती. हळूहळू ‘बांती रोग’ ही संज्ञा मागे पडली व ‘रक्ताधिक्यजन्य प्लीहावाढ’ ही संज्ञा तिच्या जागी आली.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ गंभीर होता. केवळ प्लीहा काढल्याने बिंबाणू वाढत. पण दाब तसाच राहत असल्याने अनेक रुग्णांना पुन्हा रक्ताची उलटी होई. शिवाय प्लीहेबरोबर प्लीहा नीलाही बांधली गेल्याने पुढे दाब कमी करणारी शस्त्रक्रिया करण्यास उपयुक्त वाहिनी उरत नसे. या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्वादुपिंडाच्या शोथामुळे केवळ प्लीहा नीलेतच रक्ताची गुठळी झालेली असेल व यकृत निरोगी असेल, तर प्लीहोच्छेदनाने रोग समूळ बरा होतो.

मार्गांतर शस्त्रक्रिया : प्रवेशिका नीलेतील रक्त यकृतास वळसा घालून अधोमहानीलेत सोडण्याची कल्पना जुनी आहे. रशियात निकोलाय एक यांनी १८७७ मध्ये आठ कुत्र्यांवर असा प्रयोग केला. त्यांतील एकच कुत्रे काही काळ जगले. पुढे १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मार्गांतर केलेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यास तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) विकृत लक्षणे उद्‌भवतात, असे दाखविले. हा इशारा मानवातही खरा ठरला. १९४५ मध्ये व्हिपल, ब्लेकमोर व लॉर्ड यांनी मानवातील मार्गांतर शस्त्रक्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध केले आणि १९४७ मध्ये बॉस्टन येथील लिंटन यांनी प्लीहा काढून प्लीहा नीला डाव्या वृक्क (मूत्रपिंड) नीलेस जोडण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. या शस्त्रक्रियेने रक्तस्राव व प्लीहा-अतिक्रियता या दोहोंवर एकाच वेळी उपाय होई. तथापि ज्यांचे यकृत आधीच दुर्बल होते, अशा रुग्णांत यकृतास मिळणारे रक्त कमी होऊन यकृतजन्य मस्तिष्कविकार होण्याचा धोका होता.

हा धोका टाळण्यासाठी वॉरन, झेपा व फोमन यांनी १९६७ मध्ये निवडक मार्गांतराची पद्धत मांडली. तीत प्लीहा जागेवर ठेवून तिच्यातील व जठराच्या वरच्या भागातील रक्त तेवढे वृक्क नीलेत सोडले जाते आणि आतड्यांचे रक्त यकृताकडेच जात राहते. ईजिप्तमध्ये शिस्टोसोमा कृमींमुळे होणाऱ्या यकृत विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी हसाब यांनी १९६७ मध्ये प्लीहोच्छेदन करून जठर व ग्रसिका यांच्या फुगलेल्या नीलांचा रक्तपुरवठा तोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जपानमध्ये सुगिऊरा व फुतागावा यांनी १९७३ मध्ये अशाच तत्त्वावरील अधिक विस्तृत शस्त्रक्रिया वर्णिली.

भारतीय अनुभव : एकच शस्त्रक्रिया दोन निरनिराळ्या रोगांत वेगवेगळे फल कसे देते, हे भारतातील अनुभवावरून स्पष्ट झाले. येथे मोठी प्लीहा, रक्तक्षय व रक्ताची उलटी ही लक्षणे असलेल्या अनेक तरुण रुग्णांत यकृताचे सूत्रण आढळत नसे व यकृताचे कार्यही चांगले असे. कलकत्ता (कोलकाता) येथील रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला बॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भरविलेल्या चर्चासत्रात या विकारास ‘असूत्रणजन्य प्रवेशिका तंतुभवन’ या अर्थाचे नाव देण्यात आले. बालकांत प्रवेशिका नीलाच गुठळीने बंद होण्याचा विकारही भारतात पुष्कळ आढळतो. या दोन्ही विकारांत यकृत सशक्त असल्याने प्लीहोच्छेदनासह मार्गांतर शस्त्रक्रिया रुग्णास चांगली मानवते. म्हणून मोठ्या प्लीहेच्या रुग्णात प्रथम यकृताची अवस्था निश्चित करणे हा उपचाराचा पाया मानला जातो.

कोशिका कमी होण्याची यंत्रणा : प्लीहा कोशिका नष्ट करते, की एखाद्या स्रावाने अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, यांविषयी १९४० नंतरच्या दशकांत मोठा वाद होता. अमेरिकेतील डोन यांनी नाशाचा पक्ष मांडला, तर विल्यम डॅमेशेक (१९००–६९) यांनी मज्जा-दमनाच्या शक्यतेवर भर दिला. डॅमेशेक यांच्या लेखनातून निदानाचे चार निकष रूढ झाले : रक्तकोशिकांची घट, प्लीहावाढ, अस्थिमज्जेत भरपूर कोशिकानिर्मिती आणि प्लीहोच्छेदनानंतर रक्तात सुधारणा. यांतील चौथा निकष शस्त्रक्रियेनंतरच पडताळता येतो, ही त्याची उघड मर्यादा होती.

या वादास नवे वळण देणारे प्रयोग रिचर्ड ॲस्टर यांनी केले. किरणोत्सर्गी क्रोमियमाने खूण केलेले बिंबाणू शरीरात सोडून त्यांनी १९६६ मध्ये असे दाखविले की, निरोगी माणसातही एकूण बिंबाणूंपैकी सु. एक-तृतीयांश बिंबाणू प्लीहेत साठलेले असतात. प्लीहा फार वाढल्यास हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. यांतील बहुतेक बिंबाणू नष्ट झालेले नसून केवळ प्लीहेत अडकून पडलेले असतात व त्यांचे आयुर्मानही फारसे घटलेले नसते. तांबड्या कोशिकांच्या बाबतीत रक्तद्रवाचे आकारमान वाढून होणारी विरलता हेही एक कारण असते, असे पुढील संशोधनात दिसून आले. अशा रीतीने ‘अतिक्रिया’ हा शब्दच काही अंशी दिशाभूल करणारा ठरला.

प्लीहेच्या अभावाचा धोका : दीर्घकाळ प्लीहा हे अनावश्यक इंद्रिय समजले जाई. १९५२ मध्ये किंग व शुमॅकर यांनी अर्भकावस्थेत प्लीहा काढलेल्या पाच बालकांना तीव्र जंतुसंसर्ग झाल्याचे व त्यांपैकी दोन दगावल्याचे प्रसिद्ध केले. प्लीहा नसलेल्या व्यक्तीत न्यूमोनियाच्या गोलाणूंसारखे सूक्ष्मजंतू काही तासांतच रक्तात सर्वत्र पसरून मृत्यू ओढवू शकतो, हे त्यानंतर मान्य झाले. हा धोका आयुष्यभर राहतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या निदान १४ दिवस अगोदर न्यूमोनिया गोलाणू, मेनिंजायटिस गोलाणू व हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझा-बी यांविरुद्धच्या लसी देतात आणि ताप येताच प्रतिजैव पदार्थांचा (अँटिबायॉटिकांचा) उपचार तातडीने सुरू करण्याविषयी रुग्णास बजावतात. यकृत सूत्रणाच्या रुग्णात याखेरीज शस्त्रक्रियेतील रक्तस्राव आणि नंतर प्रवेशिका नीलेत होणारे अंतर्क्लथन (गुठळी) हे धोके असतात. अशी गुठळी यकृताची उरलीसुरली शक्ती हिरावून घेते व पुढील यकृत प्रतिरोपणही अवघड करते. पॅरिसमध्ये दलेत्र यांनी १९९१ मध्ये उदरदर्शकाच्या साहाय्याने प्लीहोच्छेदन केल्याचे प्रसिद्ध झाल्यावर जखम लहान झाली. पण हे मूळचे धोके नाहीसे झाले नाहीत.

अंतर्कीलन : प्लीहा न काढता तिचा रक्तपुरवठा रोखण्याचा मार्ग मॅडिसन यांनी १९७३ मध्ये सुचविला. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी प्लीहा रोहिणीपर्यंत नेऊन तिच्यात अडथळा आणणारे पदार्थ सोडतात. या क्रियेस अंतर्कीलन म्हणतात. आरंभी संपूर्ण प्लीहेचा रक्तपुरवठा तोडल्यामुळे प्लीहेत विद्रधी (गळू) व तीव्र जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावत. शिकागो येथील स्पिगॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आंशिक अंतर्कीलनाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत कडक जंतुरहित दक्षता, प्रतिजैव पदार्थ व वेदनानियंत्रण यांवर भर देऊन प्लीहेचा काही भागच मृत केला जातो. पुढे सामान्यतः ५० ते ७० टक्के भाग हे लक्ष्य ठरले. उरलेली प्लीहा संरक्षणकार्य चालू ठेवते. ताप व डाव्या कुशीत वेदना बहुतेकांस होतात. बिंबाणू काही दिवसांत वाढू लागतात. परंतु उरलेला भाग वाढल्यास काही वर्षांनी ते पुन्हा कमी होऊ शकतात. जलोदर व यकृताची तीव्र दुर्बलता असलेल्या रुग्णांत ही क्रियाही धोक्याची असते.

यकृताचा वाटा : १९९४ मध्ये अस्थिमज्जेतील बिंबाणूनिर्मितीस चालना देणारे थ्राँबोपोएटिन हे हॉर्मोन वेगळे करण्यात आले. ते प्रामुख्याने यकृतात तयार होते. त्यामुळे यकृत क्षीण झाले की, बिंबाणूंची निर्मितीही घटते. यकृत प्रतिरोपणानंतर प्लीहा जागेवरच असूनही बहुसंख्य रुग्णांत बिंबाणू वाढतात. याचे स्पष्टीकरण दाब कमी होणे व हॉर्मोनचा पुरवठा पूर्ववत होणे या दोन्ही गोष्टींत मिळते. टॉमस स्टार्झल (१९२६–२०१७) यांनी मानवातील पहिले यकृत प्रतिरोपण १९६३ मध्ये डेन्व्हर येथे केले आणि १९६७ मध्ये दीर्घकाळ जगलेल्या रुग्णाच्या रूपाने त्यास पहिले यश मिळाले. यकृतातूनच धातूची जाळीदार नळी बसवून दाब कमी करण्याची पद्धत १९८८ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे प्रथम रुग्णात वापरली गेली. रक्तस्राव व जलोदर यांवर ती उपयुक्त ठरली. मात्र तिने बिंबाणू वाढतीलच अशी खात्री नसते.

या हॉर्मोनाची क्रिया करणारी औषधेही निघाली. एल्ट्राँबोपॅग या औषधाने यकृत विकारात बिंबाणू वाढतात, असे दिसून आले. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी ते देऊन पाहणारी मोठी चाचणी प्रवेशिका नीलेतील गुठळ्यांमुळे थांबवावी लागली व तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लुसुट्राँबोपॅग (जपान, २०१५) व ॲव्हाट्राँबोपॅग (अमेरिका, २०१८) या औषधांना, नियोजित वैद्यकीय क्रियेपूर्वी अल्पकाळ देण्यासाठी मान्यता मिळाली.

बदललेला दृष्टिकोन : बिंबाणू कमी म्हणजे रक्तस्रावाचा धोका अधिक, हे समीकरणही यकृत विकारात पूर्णतः खरे नाही. यकृतात रक्त गोठविणारे व गोठण्यास विरोध करणारे अशी दोन्ही प्रकारची प्रथिने तयार होतात व दोन्ही घटतात. शिवाय बिंबाणूंना चिकटण्यास साहाय्य करणारा फोन व्हिलेब्रांट घटक रक्तात वाढलेला असतो. त्रिपोदी व मानूच्ची या इटालियन संशोधकांनी २०११ मध्ये या नव्या पण नाजूक समतोलाचा आढावा घेतला. अशा रुग्णात रक्तस्राव आणि गुठळी या दोहोंचेही भय असते व ग्रसिकेतील नीला फुटतात त्या मुख्यतः दाबामुळे. म्हणून रक्तपरीक्षेतील केवळ एका आकड्यासाठी प्लीहा काढणे वा बिंबाणू वारंवार चढविणे आता योग्य मानले जात नाही.

उपचाराची एक निकड तर काळाच्या ओघात जवळजवळ संपली. यकृतशोथ-सी या व्हायरसजन्य रोगावर इंटरफेरॉन हे प्रमुख औषध असताना ते बिंबाणू आणखी घटवीत असे. त्यामुळे ते देता यावे म्हणून, विशेषतः जपानमध्ये, आधी प्लीहोच्छेदन किंवा आंशिक अंतर्कीलन करीत. २०१३ नंतर व्हायरसावर थेट क्रिया करणारी तोंडाने घ्यावयाची औषधे उपलब्ध झाली व हे कारण मागे पडले.

उपचाराचा सद्यःस्थितीतील क्रम असा आहे : मद्यपान बंद करणे, यकृतशोथ-बी व सी यांवर औषधे देणे आणि यकृताचा मूळ रोग आटोक्यात आणणे, ग्रसिकेतील नीलांची दुर्बिणीतून तपासणी करून आवश्यक तेव्हा त्या बांधणे व दाब कमी करणारी औषधे देणे, योग्य रुग्णात यकृत प्रतिरोपणाचा विचार करणे. आंशिक अंतर्कीलन व प्लीहोच्छेदन हे उपाय निवडक रुग्णांपुरते राखून ठेवलेले असतात. केवळ प्लीहा नीलेतील गुठळी, यकृत सशक्त असलेले असूत्रणजन्य विकार, प्लीहेच्या प्रचंड आकारामुळे होणारा असह्य त्रास किंवा अन्य आवश्यक उपचारास अडसर ठरणारी बिंबाणूंची तीव्र घट ही त्यांची प्रमुख कारणे होत. बांती यांनी प्लीहा व यकृत यांच्यातील संबंध अचूक हेरला होता. त्या संबंधाची दिशा मात्र उलट होती. ती उलगडण्यास सु. चार दशके लागली आणि तिचा पूर्ण अर्थ उपचारांत उतरण्यास त्याहूनही अधिक काळ गेला.